पिकअप ट्रकच्या ट्रान्समिशनला जादा कूलर : गरज कोणाला, निवड कशी, जोडणी कशी

मे महिन्यातील मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत अमेरिकेतील महामार्गांवर एक दृश्य सतत दिसते : पुढे पिकअप ट्रक आणि मागे बोट, कॅम्पर किंवा सामानाने भरलेला ट्रेलर. गेल्या काही वर्षांत या रांगेत मराठी कुटुंबांच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. टेक्सास, ॲरिझोना किंवा कोलोराडोत स्थिरावलेल्या अनेकांनी आयुष्यातील पहिला पिकअप घेतला तो घर बदलण्याच्या किंवा बागकामाच्या निमित्ताने. पुढे त्याला ट्रेलर जोडला गेला. भारतात आपण गिअर हाताने टाकत गाडी शिकलो. त्यामुळे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ही ‘आपोआप चालणारी’ आणि म्हणून लक्ष न मागणारी वस्तू आहे, असा समज सहज रुजतो. प्रत्यक्षात ओझे ओढणाऱ्या गाडीत सर्वांत आधी थकणारा भाग बहुधा हाच असतो. तो नव्याने बांधून घेण्याचा खर्च कित्येक हजार डॉलरच्या घरात जातो, तर त्याला उष्णतेपासून वाचवणारा जादा कूलर साधारण ५० ते २०० डॉलरला मिळतो. मात्र तो प्रत्येकाला लागतोच असे नाही, आणि चुकीच्या पद्धतीने बसवला तर फायद्याऐवजी नुकसानच होते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे इष्ट ठरेल.

उष्णता येते कुठून?

हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. ऑटोमॅटिक गाडीत त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक विजेवर फिरवावा आणि त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तशी ही रचना आहे. फरक इतकाच की येथे हवेऐवजी तेल असते. इंजिनाच्या बाजूची पाती तेल फेकतात आणि त्या प्रवाहाने ट्रान्समिशनच्या बाजूची पाती फिरतात. दोन्ही बाजूंच्या वेगांत जो फरक राहतो त्याला घसर म्हणता येईल. या घसरीत वाया गेलेली शक्ती तेलात उष्णतेच्या रूपाने साठते.

सपाट रस्त्यावर ठरावीक वेग गाठला की कन्व्हर्टरच्या आतील एक क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडून टाकतो. मग घसर जवळजवळ संपते आणि तेल थंड राहते. पण चढावर, मागे ओझे असताना, किंवा शहराच्या गर्दीत थांबत-थांबत जाताना हा क्लच वारंवार सुटतो. गाडी एका गिअरमधून दुसऱ्यात आणि पुन्हा पहिल्यात अशी सतत हेलकावत राहिली तर उष्णता वेगाने चढते. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभे राहिलेले ट्रक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत. तेथे इंजिन तापलेले असे आणि वाफेवरून ते लगेच कळे. ट्रान्समिशन तापते तेव्हा वाफ दिसत नाही. ते मुकाट्याने तापते, आणि अनेक गाड्यांत इशाऱ्याचा दिवा लागेपर्यंत तेलाचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

ट्रान्समिशनचे तेल केवळ वंगण नसते. ते शक्ती वाहते, क्लचच्या चकत्या दाबून धरण्यासाठी लागणारा दाब पोहोचवते आणि आतील भागांची उष्णता बाहेर नेते. साधारण १७५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८० ते ९३ अंश सेल्सिअस, हे त्याचे सुखाचे तापमान मानले जाते. त्यावर दर २० अंश फॅरनहाइट वाढीला तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातील जुना ठोकताळा आहे. नव्या कृत्रिम तेलांची सहनशक्ती अधिक आहे, तरी दिशा तीच राहते. साधारण २४० अंशांच्या पुढे तेलातून चिकट थर सुटून झडपांवर बसू लागतो. २६० अंशांच्या आसपास रबरी सील कडक होऊ लागतात. त्याहूनही वर गेल्यास क्लचच्या चकत्या घसरून जळतात. तेल काळपट दिसणे आणि त्याला करपल्यासारखा वास येणे, ही त्याची ओळख.

कंपनीने दिलेला कूलर आणि त्याची मर्यादा

पारंपरिक रचनेत ट्रान्समिशनचा कूलर इंजिनाच्या रेडिएटरच्या आतच असतो. रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत एक बंद नळी किंवा चपट्या पट्ट्यांचा संच बसवलेला असतो. त्यातून ट्रान्समिशनचे तेल जाते आणि बाहेरून इंजिनाचे कूलंट वाहते. या रचनेचा एक मोठा गुण असा की हिवाळ्यात तेच कूलंट थंड तेलाला लवकर ऊब देते. तिची मर्यादाही त्यातच आहे. भोवतालच्या कूलंटपेक्षा तेल अधिक थंड होऊ शकत नाही. चढावर ओझे ओढताना इंजिनही तापलेले असते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हा कूलर दुबळा पडतो. शिवाय ट्रान्समिशनची उष्णता कूलंटमध्ये उतरल्याने इंजिनावरील भारही वाढतो.

आणखी एक धोका नोंदवण्याजोगा आहे. टाकीच्या आतील हा कूलर फुटला तर कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. निसानच्या २००५ ते २०१० या काळातील फ्रंटियर, पाथफाइंडर आणि एक्सटेरा या गाड्यांत असे प्रकार घडले. गुलाबी, दाट मिश्रणामुळे त्याला अमेरिकन वाहनधारकांत ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ हे नाव पडले. प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेले आणि कंपनीने त्या भागाची वॉरंटी वाढवली. पाणी आणि ग्लायकॉल क्लचच्या चकत्यांचे अस्तर सोडवतात. त्यामुळे असे मिश्रण झालेले ट्रान्समिशन सहसा वाचत नाही.

आपल्याला खरेच गरज आहे का?

कूलर विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गाडीला कंपनीचे टोइंग पॅकेज आहे का? असल्यास रेडिएटरखेरीज स्वतंत्र हवेचा कूलर बहुधा आधीच बसवलेला असतो. ग्रिलमधून टॉर्चच्या उजेडात पाहिल्यास एसीच्या कंडेन्सरपुढे किंवा बाजूला तो दिसू शकतो. गाडीची पुस्तिका आणि विक्रीच्या वेळचा स्टिकर यांवरूनही खात्री करता येते.

दुसरी, तेलाचे खरे तापमान किती? अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-टू हे जोडणीचे ठिकाण स्टिअरिंगखाली असते. त्यात बसणारा छोटा रीडर आणि फोनवरील ॲप यांच्या साहाय्याने बहुतेक पिकअपमध्ये ट्रान्समिशनचे तापमान वाचता येते. काही ट्रकांच्या डॅशबोर्डवरच ते दिसते. नेहमीचा ट्रेलर जोडून, नेहमीच्या रस्त्यावर, उन्हाच्या दिवशी नोंद घ्यावी. आकडा २०० ते २१० अंशांच्या आसपास राहत असेल तर घाई नाही. तो चढावर २२० ओलांडून वर सरकत असेल आणि उतारावरही खाली येत नसेल, तर कूलरचा विचार करण्यास आधार आहे.

तिसरी, गाडीत थर्मोस्टॅट झडप आहे का? अलीकडच्या अनेक ट्रकांत, विशेषतः जनरल मोटर्सच्या २०१४ नंतरच्या पिकअपमध्ये, तेल पुरेसे तापेपर्यंत कूलरकडे जाणारा प्रवाह रोखणारी झडप असते. इंधन वाचावे म्हणून कंपनी तेल मुद्दाम काहीसे गरम ठेवते. अशा गाडीत मोठा कूलर लावला तरी झडप उघडेपर्यंत आकड्यात फरक पडणार नाही. तेथे १९० किंवा २०० अंश हा दोष नसून कंपनीने आखलेली स्थिती असते.

या तपासणीसोबत एक फुकटचा उपाय आधी करून पाहावा. ओझे ओढताना टो-हॉल मोड चालू ठेवावा. त्यामुळे गिअरची चलबिचल कमी होते आणि कन्व्हर्टर अधिक काळ जखडलेला राहतो. अनेकांचे तापमान एवढ्यानेच खाली येते.

कूलर कोणता घ्यावा?

बाजारात तीन प्रकार मिळतात. नळी आणि पातळ पंख्यांचा कूलर सर्वांत स्वस्त असतो, पण त्याची क्षमता कमी असते. पट्ट्या आणि पंख्यांचा कूलर त्याहून सरस ठरतो. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेट कूलर आकाराच्या मानाने सर्वाधिक उष्णता बाहेर टाकतो. नियमित ट्रेलर ओढणाऱ्यांनी हाच घ्यावा. त्याच्या काही नमुन्यांत थंड, दाट तेलाला वाट करून देणारी अंतर्गत सोय असते. तिचा हिवाळ्यात उपयोग होतो.

कूलरच्या खोक्यावर वजनाचा आकडा लिहिलेला असतो. तो ट्रक आणि ट्रेलर यांच्या भरलेल्या एकत्रित वजनाशी ताडून पाहावा, नुसत्या ट्रकच्या वजनाशी नाही. दुसरे म्हणजे नळीचे माप. ते बहुधा ५/१६ किंवा ३/८ इंच असते. आपल्या गाडीच्या नळीपेक्षा लहान तोंडाचा कूलर घेतल्यास प्रवाह अडतो, आणि याच परतीच्या तेलावर ट्रान्समिशनच्या आतील वंगण अवलंबून असते. वापरलेला कूलर मात्र कधीही घेऊ नये. दुसऱ्या गाडीच्या मोडलेल्या ट्रान्समिशनचे धातूचे कण त्याच्या आत अडकलेले असू शकतात आणि ते धुऊन पूर्ण निघत नाहीत.

जोडणीची दिशा

या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम असा : तेल ट्रान्समिशनमधून आधी रेडिएटरमधील कूलरमध्ये, तेथून नव्या कूलरमध्ये आणि मग परत ट्रान्समिशनमध्ये जावे. हा क्रम उलटा केला तर नव्या कूलरने थंड केलेले तेल रेडिएटरमध्ये पुन्हा गरम होऊन परतते. रेडिएटरमधील कूलर पूर्णपणे वगळण्याचा मोह काहींना होतो. मिनेसोटा, शिकागो किंवा कॅनडासारख्या ठिकाणी तो टाळावाच. अतिथंड तेल दाट होते, त्यातील ओलावा उडून जात नाही, आणि काही गाड्यांत तेल गरम होईपर्यंत कन्व्हर्टर जखडत नाही. म्हणजे तेल अति थंड राहणेही हितावह नाही. फक्त वर सांगितलेल्या मिश्रणाच्या दोषाची भीती असलेल्या गाड्यांत, थर्मोस्टॅट झडप लावून, तज्ज्ञाच्या सल्ल्याने तसे करता येते.

परतीची नळी कोणती हे ओळखण्याची साधी रीत आहे. रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी सुरू करावी आणि रेडिएटरला जोडलेल्या ट्रान्समिशनच्या दोन नळ्यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावे. जी आधी तापते ती ट्रान्समिशनमधून येणारी, आणि जी मागाहून तापते ती परतीची. थर्मोस्टॅट झडप असलेल्या गाडीत ही रीत उशिराने उत्तर देते. अशा गाडीसाठी कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकृतीच पाहावी.

प्रत्यक्ष काम

सपाट जागी गाडी उभी करावी, पार्किंग ब्रेक लावावा, चाकांना अडणी द्याव्यात आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी उचलायची असल्यास जॅक स्टँड वापरावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि नळीखाली तेलाचे भांडे ठेवावे.

पुढील ग्रिल काढून एसीच्या कंडेन्सरपुढील जागा मोजावी. कूलर आणि कंडेन्सर यांच्यात साधारण अर्धा इंच अंतर राहावे, म्हणजे दोन्ही एकमेकांना घासत नाहीत आणि हवा खेळती राहते. बऱ्याच संचांत कंडेन्सरच्या पंख्यांतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या काड्या येतात. त्या सोप्या असल्या तरी रस्त्याच्या हादऱ्यांनी कंडेन्सरच्या नळ्या घासून भोक पडू शकते, आणि मग एसीची दुरुस्ती कूलरच्या कित्येक पट महाग पडते. त्याऐवजी धातूच्या पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने कूलर बसवावा. त्याची दोन्ही तोंडे वर किंवा बाजूला असावीत. ती खाली ठेवल्यास आत हवा अडकते.

त्यानंतर रेडिएटरच्या बाजूने परतीची नळी सोडवावी. अनेक नव्या गाड्यांत येथे पिळाच्या नटाऐवजी खटक्याची जोडणी असते. तिच्यासाठी स्वस्तात मिळणारे खास साधन वापरावे, पक्कड लावून ओढू नये. शक्यतो तयार ॲडॅप्टर वापरून कंपनीची धातूची नळी अखंड ठेवावी. कापण्यावाचून गत्यंतर नसल्यास नळी कापण्याचे चक्राकार कटर घ्यावे. हॅकसॉ ब्लेडने पडणारा धातूचा चुरा थेट ट्रान्समिशनमध्ये जातो. कापलेल्या टोकाला फ्लेअरिंग साधनाने उंचवटा काढावा. गुळगुळीत टोकावरून रबरी नळी कधी ना कधी निसटते.

रबरी नळी ‘ट्रान्समिशन ऑइल कूलर होज’ असे स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी. तिच्यावर एसएई जे-१५३२ हे मानक छापलेले असते. पेट्रोलची किंवा कूलंटची नळी दिसायला सारखी असली तरी गरम तेलाने ती काही काळात फुगते आणि फाटते. नळी तोंडावर किमान एक इंच चढवावी, क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवावा आणि रबर कापले जाईल इतका आवळू नये. वळण सैल ठेवावे. नळी पत्र्याच्या धारेवरून जात असेल तेथे रबरी कडे लावावे आणि ती सायलेन्सरच्या नळकांड्यापासून व पंख्यापासून दूर बांधावी. यात हयगय नको. गरम सायलेन्सरवर सांडलेले ट्रान्समिशनचे तेल पेट घेऊ शकते.

शेवटी रेडिएटरच्या मोकळ्या झालेल्या तोंडापासून कूलरच्या एका तोंडापर्यंत एक नळी, आणि कूलरच्या दुसऱ्या तोंडापासून कंपनीच्या परतीच्या नळीपर्यंत दुसरी नळी जोडावी. हा क्रम कागदावर काढून ठेवला तर गाडीखाली गोंधळ होत नाही.

तेलाची पातळी

नवा कूलर आणि नळ्या भरण्यासाठी जादा तेल लागते. प्रकार पुस्तिकेत दिलेलाच हवा. फोर्डच्या दहा गिअरच्या ट्रान्समिशनला मर्कॉन यूएलव्ही, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस, तर क्रायस्लरच्या अनेक जुन्या गाड्यांना एटीएफ प्लस फोर लागते. ‘सर्व गाड्यांना चालेल’ असे लिहिलेल्या बाटलीवर विसंबू नये. डिपस्टिक असल्यास इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, लिव्हर प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला पातळी पाहून थोडे-थोडे तेल घालावे. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी खालच्या बोल्टमधून, गाडी समतल ठेवून, इंजिन सुरू असताना आणि तेल ठरावीक तापमानाला असताना तपासतात. हे काम घरी अवघड वाटत असेल तर तेवढ्यापुरता मेकॅनिक गाठावा. तेल कमी पडणे आणि जास्त होणे, दोन्ही सारखेच घातक आहे; जादा तेल फेसाळते आणि फेसाने दाब टिकत नाही.

पहिल्या १० मैलांनंतर, आणि पुन्हा साधारण आठवड्याने, प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून गळती तपासावी. मग त्याच ट्रेलरसह, त्याच रस्त्यावर तापमानाची पुन्हा नोंद घ्यावी. आधीचा आकडा हाती असल्याशिवाय कूलरने काय साधले हे सांगता येत नाही. काढलेले जुने तेल गटारात किंवा बागेत ओतू नये. वाहनांच्या सुट्या भागांची अनेक दुकाने ते विनामूल्य घेतात. एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे आहे.

वॉरंटीचे काय?

बाहेरचा भाग लावला की वॉरंटी संपते, असे विक्रेत्याकडून ऐकायला मिळते. कायदा इतका सोपा नाही. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग वापरला या कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला असेल तरच तसे करता येते. त्याचा अर्थ असाही होतो की सैल क्लॅम्पमुळे तेल गळून ट्रान्समिशन बसले, तर जबाबदारी आपली. म्हणून पावत्या, कामाची छायाचित्रे आणि तापमानाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. मेकॅनिककडून काम करून घेतल्यास त्याच्या पावतीवर कूलरचा नमुना आणि वापरलेले तेल यांची नोंद मागून घ्यावी.

कूलर काय करू शकत नाही

ॲरिझोना आणि नेवाडाच्या सीमेजवळ डेव्हिस डॅम ग्रेड नावाचा सुमारे ११ मैलांचा चढ आहे. त्यात रस्ता जवळपास ३,००० फूट वर चढतो. एसएई जे-२८०७ या मानकानुसार पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवताना ट्रकला १०० अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, भरलेल्या ट्रेलरसह हा चढ ठरावीक वेगाने पार करावा लागतो. पण तीच चाचणी ब्रेक, वेग घेण्याची क्षमता आणि ट्रेलर जोडल्यावरची स्थिरताही पाहते. कंपनीने दिलेला वजनाचा आकडा या सगळ्यांचा मिळून असतो.

नवा कूलर यांतील एकाच बाबीला हात लावतो. ब्रेक, ॲक्सल, टायर, हिच आणि चौकट जशीच्या तशी राहतात. म्हणून ५,००० पौंडांची क्षमता असलेला ट्रक कूलर लावल्याने ६,५०० पौंड ओढू लागत नाही. तापमानाचा काटा खाली दिसला म्हणून कुटुंबासह क्षमतेपेक्षा जड कॅम्पर घेऊन डोंगर उतरणे हा मोठा धोका आहे, कारण उतारावर प्रश्न ट्रान्समिशनचा नसून थांबण्याचा असतो. क्षमतेच्या आत राहून वारंवार ओझे ओढणाऱ्यांसाठी मात्र हा कूलर म्हणजे एका शनिवारच्या कामात मिळणारे अनेक वर्षांचे आयुष्य आहे. आधी पुस्तिकेतील वजनाचे पान वाचावे, मग तापमान मोजावे, आणि गरज दिसली तरच पाना हाती घ्यावा.